पाकिटाचा कापलेला कोपरा

मी कात्री बोलतेय. बोलतेय म्हणायचं इतकंच, कारण तोंड उघडून मला तेरा वर्षं झाली. माझी दोन्ही पाती गंजून एकमेकांना घट्ट चिकटली आहेत. त्यांच्या मध्ये, अगदी खिळ्यापाशी, कागदाचा नखाएवढा कपटा अडकला आहे. त्या कपट्यावर एक शब्द आहे. विज्ञानकथा लिहिणाऱ्या एका माणसाने लिहिलेला तो शेवटचा शब्द. त्या शब्दासाठी त्याच्या बायकोने घराचा कानाकोपरा धुंडाळला. मी दोन हातांवरच्या फडताळात पडून सगळं ऐकत होते, पण मला हूं की चूं करता आलं नाही.

माझा जन्म चीनमधल्या यीबिनच्या लोहारआळीतला. ज्याने मला घडवलं तो म्हातारा ठार बहिरा होता. पात्यावर पातं घासलं की होणारा आवाज तो बोटांनी ऐकायचा. शिंपीकामासाठी म्हणून त्याने मला लांब, जड आणि जराशी उद्धट केली. सूचिन दुकानात आली तेव्हा एकवीस वर्षांची होती. आळीतल्या शिवणाच्या सहकारी संस्थेत नुकतीच लागली होती. तिने सात कात्र्या उघडून मिटून पाहिल्या आणि माझ्यावर हात ठेवला. म्हणाली, "ही द्या. हिचा आवाज भांडखोर आहे." तेव्हापासून मी तिची.

पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा लो दाओशंग, वजनकाट्यांच्या कारखान्यात आराखडे काढणारा. उंच, किंचित वाकलेला, आणि शाई लागू नये म्हणून हातांवर कोपरापर्यंत निळ्या कापडाच्या खोळी चढवलेल्या. त्या खोळी तो घरीसुद्धा काढायला विसरायचा. कारखान्याच्या वसाहतीत त्यांना एक खोली मिळाली. खोलीत एकच टेबल. त्यावरच जेवायचं, त्यावरच त्याने लिहायचं, आणि त्यावरच तिने कापड बेतायचं.

मोठं कापड कापायचं तर दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं. ते काम दाओशंगचं. तो टोक दोन्ही हातांनी ताणून धरायचा, एक डोळा मिटून रेघ सरळ आहे का ते पाहायचा आणि म्हणायचा, "काप." मग सूचिन मला चालवायची. तो बोलल्याशिवाय तिने कधी सुरुवात केली नाही. एकदा शेजारणीने चिडवलं, "तुमच्या घरात हुकूम त्याचा चालतो वाटतं?"

"हुकूम त्याचा, कात्री माझी," सूचिन म्हणाली. "बोलून बोलून तो काय कापणार आहे?"

दाओशंग पहाटे उठायचा, कारखान्याचा भोंगा वाजायच्या दोन तास आधी. चौकटींच्या कागदावर लिहायचा, एका चौकटीत एक अक्षर, आणि आराखडे काढणाऱ्याचा हात असल्यामुळे एकही अक्षर चौकटीबाहेर जायचं नाही. त्याचा एक हट्ट होता. गोष्टीचा शेवटचा शब्द शेवटच्या पानाच्या शेवटच्या चौकटीतच पडला पाहिजे. त्यासाठी तो मधली वाक्यं वाढवायचा, छाटायचा, पुन्हा लिहायचा. लिहून झालं की सूचिनला वाचून दाखवायचा. मला अक्षरओळख नाही. त्याच्या गोष्टी मला माहीत आहेत त्या अशा ऐकून.

पहिली गोष्ट चंद्रावरच्या एका नावाड्याची होती. माणसांनी चंद्रावर पाणी नेलेलं असतं, तिथे नदी केलेली असते, आणि हा म्हातारा त्या नदीवर नाव चालवतो. तिथे सगळ्याचं वजन सहावा हिस्सा. त्यामुळे पृथ्वीवर ज्या आठवणी त्याला उचलत नव्हत्या, त्या तिथे उचलता येतील असं त्याला वाटतं. दाओशंगचं अर्धं आयुष्य वजनकाट्यांत गेलेलं, त्यामुळे त्याच्या प्रत्येक गोष्टीत कशाचं तरी वजन व्हायचंच.

"सगळं हलकं होतं म्हणतोस," सूचिनने शिवता शिवता विचारलं, "मग लोणच्याच्या बरणीवरचा दगडपण हलका होणार. भाजी वर तरंगेल. लोणचं नासेल त्याचं."

दाओशंगने ते टिपून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने दोन पानं नव्याने लिहिली. नावाडी बरणीवर सहा दगड ठेवतो असं त्यात आलं. पुढे लोकांना ते सहा दगडच सगळ्यात जास्त आवडले.

आता पाकिटाचं सांगते. त्या काळी मासिकाकडे किंवा वर्तमानपत्राकडे हस्तलिखित पाठवायला तिकीट लागत नसे. पाकिटावर 'हस्तलिखित' असं लिहायचं आणि पाकिटाचा एक कोपरा कापायचा. त्या फटीतून टपालवाल्याला दिसायचं की आत खाजगी पत्र नाही. सगळे लिहिणारे तसंच करायचे. दाओशंगने पाकीट चिकटवलं, दोन्ही हातांनी धरलं आणि सवयीने म्हणाला, "काप." सूचिनने कापलं. पण ती कापड कापणारी बाई. तिने कोपरा असा भरघोस उडवला की पाकिटाबरोबर आतल्या सगळ्या पानांचे कोपरेही गेले. पाकीट फोडायची सोय नव्हती, वेळही नव्हता. ते तसंच गेलं.

दीड महिन्याने वुहानच्या त्या मासिकाचं उत्तर आलं. संपादकाने लिहिलं होतं, "गोष्ट आवडली. छापतो आहोत. मात्र प्रत्येक पानावरची शेवटची एक-दोन अक्षरं आमच्याकडे पोचलेली नाहीत. कृपया कोपरे पाठवा."

कोपरे पाठवा! दोघं टेबलावर डोकं टेकून हसले. कोपरे अर्थात केव्हाच केरात गेले होते. दाओशंगने आठवून आठवून अक्षरं लिहून पाठवली. पण त्या दिवसापासून सूचिनने माझ्या पात्यातून पडलेला प्रत्येक त्रिकोण जपून ठेवला. शरदातल्या पौर्णिमेच्या केकचा पत्र्याचा डबा होता, त्यात. तिचा हातही सुधारला. त्यानंतर नुसतं पाकीट कापलं जायचं, आतल्या पानाला ओरखडासुद्धा नाही.

चार वर्षांत त्याच्या अकरा गोष्टी छापून आल्या. टोपणनाव घेतलं होतं युआनफान, म्हणजे दूरचं शीड. कारखान्याच्या फाटकावर टपाल सांभाळायला गोंग नावाचा खणखणीत आवाजाचा माणूस होता. पत्र आलं की तो फाटकातून ओरडायचा, "युआनफान! चंद्रावरून टपाल आलंय रे!" सगळ्या वसाहतीला ऐकू जायचं. खानावळीतला आचारी दाओशंगच्या वाटीत शेवयांवर एक पळी जास्त ओतू लागला. वर म्हणायचा, "चंद्रावर खायला मिळत नाही, इथेच खाऊन घे." सूचिन बाजारातून येताना उगाच लांबच्या रस्त्याने, फाटकावरून यायची. मला माहीत आहे, पिशवीत मीच असायचे.

त्र्याऐंशी सालच्या हिवाळ्यात हे सगळं एका महिन्यात संपलं. वर्तमानपत्रांतून लेख येऊ लागले की विज्ञानकथा म्हणजे खोटं विज्ञान, त्या लोकांच्या मनात घाण कालवतात. वुहानचं मासिक बंद पडलं. कारखान्यात सभा झाली. दाओशंगला पुढे उभं केलं आणि पक्षाच्या चिटणीसाने विचारलं, "तुझ्या गोष्टीत चंद्रावरची माणसं सुखात आहेत. म्हणजे इथली माणसं दुःखात आहेत, असंच ना?"

"तिथे वजन कमी असतं," दाओशंग म्हणाला. "म्हणून हलकं वाटतं त्यांना."

मागे कुणीतरी हसलं. त्या हसण्याने त्याचं जास्त नुकसान केलं. आराखड्यांच्या खोलीतून त्याला काढून वजनं घासायच्या अंगणात पाठवलं. गोंग फाटकातून ओरडायचा बंद झाला. कोणी युआनफान म्हणेना, आणि दाओशंगनेही ते नाव पुन्हा उच्चारलं नाही.

त्या सभेच्या दुसऱ्या दिवशी त्याने पलंगाखालची सगळी हस्तलिखितं काढून टेबलावर ठेवली. छापून न आलेल्याही तीन गोष्टी त्यात होत्या. मुलगी युएलान तेव्हा नऊ वर्षांची होती, तिच्या पायाचं माप वाढलं होतं. आमच्याकडे कापडी बुटांचे तळवे थरावर थर रचून घरीच करतात. तो म्हणाला, "आतल्या थरांना हे कागद घाल. चांगले जाड आहेत."

सूचिनने मला उचललंच नाही.

त्याने कागदांचा गठ्ठा दोन्ही हातांनी धरला, कापड धरायचा तसाच. "काप," तो म्हणाला.

"नाही कापत."

"सूचिन, घर तपासायला आले तर तुलाही उभं करतील. काप."

मग तिने कापलं. मी लोखंडाची आहे, मला कागद आणि कापड सारखंच. तरी सांगते, त्या दिवशी मला चालायचं नव्हतं. हिवाळाभर युएलान तिच्या बापाच्या गोष्टींवरून चालत शाळेत गेली. घरात दाओशंग गप्प झाला. कापडाचं टोक तो तरीही धरायचा, ताणायचा, एक डोळा मिटून रेघ बघायचा. पण 'काप' म्हणायचा नाही. सूचिन थोडा वेळ वाट बघायची आणि मग आपली आपण कापायची.

अशी तेरा वर्षं गेली. काळ बदलला. विज्ञानकथा पुन्हा छापल्या जाऊ लागल्या, पण त्याने पेन उचललं नाही. युएलान छोंगछिंगला शाळेत शिकवायला लागली. तयार कपडे स्वस्त झाले आणि सूचिनची संस्था बंद पडली. कारखान्यातून माणसं घरी बसवायला सुरुवात झाली, त्यात दाओशंगचा पहिल्या यादीतच नंबर लागला. पहिला आठवडा तो खिडकीशी बसून होता. दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे मला पेनाची कुरकुर ऐकू आली. सूचिन जागी झाली होती. तिने डोळे उघडले नाहीत, हालचालही केली नाही. ती हलली असती तर कदाचित तो थांबला असता.

हिवाळ्यापर्यंत गोष्ट पुरी झाली. त्रेसष्ट पानं. पहिल्यांदाच त्याने वाचून दाखवली नाही.

"मला का नाही ऐकवत?" सूचिनने विचारलं.

"छापून आल्यावर वाच. ही तुला छापलेलीच द्यायची आहे."

"आणि नाही छापली तर?"

"मग समज वाईट होती."

वुहानचं मासिक पुन्हा सुरू झालं होतं. पत्ता तोच होता. सूचिनने पाकीट शिवलं म्हणायला हरकत नाही, इतकं तिने ते नीट चिकटवलं. पाठवणाऱ्याच्या जागी दाओशंग स्वतःचं नाव लिहीत होता, तेव्हा तिने त्याचा हात धरला. "युआनफान लिही. तुला कोणी ओळखतं ते त्या नावाने. लाज कसली वाटते? चोरी केली होतीस का?" मग त्याने लिहिलं, युआनफान, वजनकाटे कारखाना, यीबिन. वरती मोठ्या अक्षरात 'हस्तलिखित'.

आणि त्याने पाकीट दोन्ही हातांनी धरलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काप."

तेरा वर्षांनी. सूचिनने मला लगेच चालवलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, आधीच नजर कमी झालेली. मी खोल गेले. पाकीट, त्रेसष्ट पानं, सगळ्यांचे कोपरे एकदम. शेवटच्या पानाचा कपटा बाहेर न पडता माझ्या पात्यांमध्ये सरकला आणि खिळ्यापाशी जाऊन बसला. मला ते जाणवलं. त्यांना नाही.

"अगं बाई, पुन्हा!" सूचिन म्हणाली. टेबलावर त्रिकोणांचा छोटा गठ्ठा पडला होता. "आता काय करायचं? फोडू या?"

दाओशंग हसत होता. कितीतरी वर्षांनी हसत होता. "राहू दे. बरंच झालं. आता त्यांना पत्र लिहावंच लागेल. कोपरे पाठवा म्हणून."

सूचिनने ते त्रिकोण दोऱ्याने बांधून डब्यात ठेवले, मागितले की लगेच पाठवता यावेत म्हणून. मला उघडून मिटून पाहिलं. "चावतेय ही. धार लावून घेतली पाहिजे," असं म्हणून तिने मला त्याच्या जुन्या निळ्या खोळीत गुंडाळलं आणि फडताळात ठेवलं. धारवाला पूर्वी आळीत दर महिन्याला यायचा. तो पुन्हा आलाच नाही.

पाकीट दाओशंगने फाटकावरच्या टपालाच्या पोत्यात टाकलं. त्यानंतर तो रोज सकाळी फाटकावर जाऊ लागला. त्याच आठवड्यात, नव्या वर्षाच्या सुट्टीत, गोंगही घरी बसवला गेला, त्याच्या जागी बाहेरच्या गावचा कुणीतरी पहारेकरी आला. दाओशंग येऊन सूचिनला सांगायचा, "विचारलं मी. म्हटलं, लो दाओशंगच्या नावाने काही आहे का? नाही म्हणाला." रोज तेच. वसंत गेला, उन्हाळा गेला. सूचिन म्हणायची, "दीड महिना तर तेव्हाही लागला होता. आता लोक जास्त लिहितात, वाचायला वेळ लागत असेल." दुसऱ्या वर्षी तिने तेही म्हणायचं सोडलं. तो मात्र जायचा.

मग त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. ऑक्टोबरात तो आठ दिवस पडून होता. शेवटच्या दिवशी दुपारी सूचिन त्याला भाताची पेज चमच्याने भरवत होती. तो अगदी स्पष्ट बोलला. "आवडली असती ना सूचिन, तर त्यांनी कोपरे मागितले असते."

चमचा वाटीत ठेवल्याचा आवाज मी ऐकला.

त्यानंतर तिने मला बाहेर काढलं नाही. नदीकाठचं दमट गाव, मला गंज चढत गेला. मला वाटायचं, ती मनातून मलाच दोष देत असेल. पण ती स्वतःला देत होती. एकदा युएलान आली होती तेव्हा म्हणाली, "मी अक्षरं कापली म्हणून त्यांना राग आला असेल. अर्धवट पानं कोण वाचणार? माझ्यामुळे झालं ते." युएलानने समजूत घातली, पण सूचिनच्या डोक्यातून ते गेलं नाही. बारा वर्षं गेलं नाही.

आणि या वसंतात, पितरांच्या थडग्यांची सफाई करायच्या सणाला युएलान घरी आलेली असताना, म्हातारा गोंग दारात उभा राहिला. एका हातात संत्र्यांची पिशवी, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

"वहिनी, बसतो जरा," तो म्हणाला. त्याचा आवाज आता खणखणीत राहिला नव्हता. "कारखाना पाडतायत. माझी जुनी खुर्ची मिळतेय का बघायला गेलो होतो फाटकावरच्या खोलीत. तिथे फळीवर हे होतं."

सूचिनने वर्तमानपत्र उलगडलं असणार, कारण कागद चुरचुरल्याचा आवाज आला.

"हे तर..." सूचिन म्हणाली. "हे आपलंच पाकीट आहे."

"तिकीट नाही म्हणून परत आलंय. शिक्का बघा. पाठवलं त्याच महिन्यात आलंय. वहिनी, कोपरा कापून हस्तलिखित पाठवायची सोय तेव्हा बंद होऊन वर्षं झाली होती."

"आम्हाला कोणी सांगितलं नाही."

"कोण सांगणार? आपल्यात लिहिणारा तोच एक होता."

युएलानने विचारलं, "पण काका, बाबा तर रोज फाटकावर जायचे. परत आलेलं त्यांना दिलं का नाही?"

गोंगने पाकीट तिच्याकडे सरकवलं. "त्या पहारेकऱ्याने वर लिहून ठेवलंय बघ. 'या नावाचा कामगार नाही.' युआनफान कोण, ते त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? तुझा बाप त्याला विचारायचा लो दाओशंगच्या नावाने. फळी त्याच्या डोक्यामागेच होती, पोरी. मी असतो तर... मी असतो तर फाटकातून ओरडलो असतो."

मग मी सूचिनचं रडणं ऐकलं. नवरा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. "नाव मी लिहायला लावलं," ती म्हणत होती. "कोपरा मी कापला. दोन्ही मीच केलं. तो वाईट लिहितो म्हणून नाही, गोंगदादा, कोणी वाचलंच नाही. कोणी उघडलंच नाही. आणि तो गेला तो हेच समजून गेला."

गोंग जाताना संत्री तशीच ठेवून गेला.

संध्याकाळपर्यंत पाकीट टेबलावर होतं. मग युएलानने ते उघडलं आणि आईला वाचून दाखवायला बसली. मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. एक जहाज दूरच्या ताऱ्याकडे निघालंय. पोचायला चाळीस वर्षं. सगळे प्रवासी गोठवून झोपवलेत, जागी आहे ती एकच बाई, जहाजाची शिंपीण. पोचल्यावर सगळ्यांना नवे कपडे लागणार म्हणून ती चाळीस वर्षं एकटी कापतेय, शिवतेय. झोपलेल्यांत तिचा नवराही आहे. त्याचं वय तिथेच थांबलंय, तिचं वाढत चाललंय. मोठं कापड कापताना दुसरं टोक धरायला कोणी नाही, म्हणून ती टोकावर लोखंडी वजनं ठेवते.

"वजनं," सूचिन मध्येच म्हणाली. "वजनं आणलीच त्याने."

प्रत्येक पानाच्या शेवटी युएलान अडखळायची, कारण तिथली अक्षरं नव्हती. सूचिन उठली, पत्र्याचा डबा घेऊन आली, दोऱ्याने बांधलेला गठ्ठा सोडला. तीन दिवस दोघी मायलेकी तेच करत होत्या. एकेक त्रिकोण उचलायचा, पानाला लावून बघायचा, चिकटवायचा. सूचिन जेवायलाही उठत नव्हती. बासष्ट पानं पुरी झाली.

त्रेसष्टावं राहिलं. जहाज पोचतं. दारं उघडतात. माणसं उठतात, शिंपीण आता म्हातारी झालेली. तिचा तरुण नवरा तिच्याकडे बघतो, ती कोण ते त्याला कळतं का, हे तिला कळत नाही. ती घाबरून कामाला लागते, टेबलावर कापड पसरते. तो पुढे येतो, लोखंडी वजन बाजूला करतो, कापडाचं दुसरं टोक दोन्ही हातांनी उचलतो आणि एकच शब्द बोलतो.

तो शब्द शेवटच्या चौकटीत होता. आणि ती चौकट माझ्या पात्यांमध्ये.

त्यांनी डबा उपडा केला. पलंग सरकवला. फरशीच्या फटी सुईने उकरल्या. फडताळही उघडलं. सूचिनचा हात माझ्या खोळीवर पडला, तिने खोळ झटकली, मला पुन्हा आत ठेवलं. मी काय करणार होते? गंजलेली पाती ओरडत नाहीत.

"आई, नसू दे," युएलान शेवटी म्हणाली. "मी सगळं टाइप करून घेते. आता पाकीट लागत नाही, तिकीटही लागत नाही, घरबसल्या जातं. शेवटची चौकट रिकामी ठेवू."

"रिकामी कशी ठेवायची? त्याने आयुष्यात कधी शेवटची चौकट रिकामी ठेवली नाही."

"मग काय असेल तिथे? 'माफ कर' असेल का?"

"ते एका चौकटीत मावत नाही," सूचिन म्हणाली. मग हळूच म्हणाली, "आणि माफी त्याने का मागायची? माझं नाव घेऊन दोष दिला असेल तरी चालेल मला. पण कळायला हवं."

हे काल सकाळचं. दुपारी युएलानने बाजारातून निळं सुती कापड आणलं. हस्तलिखित गुंडाळून ठेवायला खोळ शिवायची होती. सोबत एक नवी कात्री, लाल प्लॅस्टिकच्या मुठीची. मला राग आला नाही असं नाही. सूचिनची नजर आता कापण्याइतकी राहिलेली नाही, म्हणून युएलानने नवी कात्री हातात घेतली आणि सूचिनने कापडाचं दुसरं टोक धरलं. ताणलं. मला कापडाचा ताणल्याचा आवाज अजून ओळखू येतो.

युएलान थांबली होती. पोर याच टेबलाखाली खेळत मोठी झाली. या घरात सांगितल्याशिवाय कापायचं नसतं, हे तिच्या हाताला माहीत असावं.

"काप," सूचिन म्हणाली.

कात्री चालली नाही. मग सूचिनच्या हातातून कापड सुटून टेबलावर पडलं.

"युएलान," ती म्हणाली, "पेन दे."

"आई?"

"पेन दे गं."

तिने शेवटचं पान पुढे ओढलं. कोपऱ्याच्या जागी कोरा कागद चिकटवून घेतला, त्यावर चौकट आखून घेतली. लिहायला तिला वेळ लागला. आमच्या लिपीत तो शब्द एका अक्षराचा आहे, पण त्यात रेघा बऱ्याच आहेत. लिहून झाल्यावर तिने पान युएलानला दिलं. युएलानने शेवटची ओळ मोठ्याने वाचली, सबंध, न अडखळता. मग दोघीही रडल्या. पण या वेळी सूचिन मध्ये मध्ये हसतही होती. "तेरा वर्षं बोलला नव्हता मेला," ती म्हणत होती. "सगळं यात साठवून ठेवलं होतं."

माझं सांगून झालं. आज सकाळी युएलान फडताळ आवरताना मला हातात घेऊन म्हणाली, "आई, ही जुनी कात्री तेलात भिजत टाकू का? सुटेल कदाचित." सूचिन म्हणाली, "बघू."

म्हणून तुम्हा ऐकणाऱ्यांना हात जोडून एक मागते, मला हात नसले तरी. त्या पोरीला कुणीतरी सांगा, मला तेल लावू नकोस. मला वाचता येत नाही. माझ्या पोटात कोणता शब्द आहे ते मला माहीत नाही. सूचिनने लिहिला तोच असेल असं मला वाटतं, जवळजवळ खात्री आहे. पण समजा दुसराच निघाला तर? आयुष्यभर मी कापत आले. एवढं एक मला कापायला लावू नका. मला अशीच मिटलेली राहू द्या.